सगळं हिरवं

आमच्या कारखान्यात एकही माणूस लबाड नाही, हे आधीच सांगून टाकते. लबाड असते तर परवडलं असतं. लबाडाला निदान पकडता येतं, कान धरून बाहेर काढता येतं. आमच्याकडे सगळी भली, जीव लावणारी माणसं. त्यांनी मिळून माझ्या तोंडाला अशी पानं पुसली की वर्षभर मला पत्ताही लागला नाही.

आम्ही दवाखान्यातल्या खाटा बनवतो. हँडल फिरवलं की पेशंटचं डोकं वर येतं, त्या. काका आणि माझे बाबा या दोघा भावांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. बाबा थोरले, काका धाकटे. पण काकांना बोलता येतं आणि बाबांना धावता येतं, म्हणून काका मालक झाले आणि बाबा खरेदी बघायला लागले. पाइप, चाकं, गाद्या, रंग, जे जे बाहेरून येतं ते आणायचं काम बाबांचं. आणायचं म्हणजे अक्षरशः आणायचं. काका ओरडायचे, "दादा, चाकं संपली!" आणि बाबा स्कूटरला किक मारायचे.

शेड होती तोवर यात काही बिघडत नव्हतं. पुढे दोन इमारती झाल्या, फाटकावर रखवालदार आला, काकांच्या केबिनला काचा लागल्या. पद्धत मात्र तीच राहिली. चाकं संपल्याशिवाय चाकं संपत आलीत हे कुणाला कळायचं नाही. फरक एवढाच, की आता ओरडायच्या ऐवजी फोन यायचा. बाबा जेवायला बसले की फोन. दाढीचा साबण तोंडावर असताना फोन. घास हातात धरून ते चाकवाल्याच्या विनवण्या करायचे आणि आई त्यांच्या ताटातली भाजी उचलून पुन्हा गरम करायला न्यायची.

मग बाबांच्या छातीत दुखलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, धावपळ बंद, ओझी उचलणं बंद, चिडचिड बंद. मी तेव्हा दुसऱ्या गावी एका मोठ्या कंपनीत होते. माल कुठून, किती आणि कधी यायचा याची घडी बसवायची, हेच माझं काम. काकांचा फोन आला, "पोरी, परक्यांची घरं किती दिवस आवरणार? आपल्या घरी ये."

मी अट घातली. वर्षभरात सगळं मार्गी लावते, पण त्यानंतर बाबा घरी बसतील आणि त्यांना एकही फोन जाणार नाही.

"अगं, मला काय माझा भाऊ जड झालाय का?" काका म्हणाले.

म्हणून मी आले. मला कारखाना नको होता, खुर्ची नको होती. मला माझा बाप धडधाकट हवा होता, बस्स.

आल्याबरोबर डोकं फिरलं ते तारखांनी. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला दोन तारखा. एक सांगायची आणि एक मनातली. विक्रीवाला, ज्याला सगळे गोडबोल्या म्हणतात, तो कारखान्याला सांगायचा की गिऱ्हाइकाला माल महिनाअखेर हवा. खरं तर गिऱ्हाइकाला पुढच्या महिन्यात हवा असायचा. कारखान्याच्या मुकादमाला ते ठाऊक, म्हणून तो ती तारीख मनावर घ्यायचा नाही. पण खरेदीला मात्र आणखी आधीची सांगायचा. खरेदी पुरवठादाराला त्याहून आधीची. पुरवठादार काही दुधखुळे नव्हते, ते फोन ठेवून निवांत चहा प्यायचे. बोलीभाषाच झाली होती तशी. कुणी तारीख सांगितली की समोरचा डोळा मारून विचारायचा, "बोलायची की करायची?" कंपनी छोटी होती तेव्हा प्रत्येकाला प्रत्येकाच्या मनातली तारीख माहीत होती. आता इतकी माणसं झाली की कुणाच्या मनात काय आहे ते देवालाही सांगता आलं नसतं.

मी ठरवलं, तारीख एकच, आणि ती खरी. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लावला. प्रत्येक मालाची एक ओळ. वेळेवर येणार असेल तर हिरवी, शंका असेल तर पिवळी, चुकणार असेल तर लाल. ज्याचा माल, त्याने आपली ओळ स्वतः भरायची. चाकं-गाद्यांच्या ओळी खरेदीच्या, म्हणून माझ्या नावावर; पुरवठादारांशी बोलून त्या भरायचे ते बाबा.

"लाल म्हणजे गुन्हा नाही," मी सगळ्यांना सांगितलं. "लाल म्हणजे तुम्ही आधी सांगितलंत. आधी कळलं तर काहीतरी करता येतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग काका उठले. "आणि ज्याची ओळ लाल, त्याने सोमवारच्या मीटिंगला सगळ्यांदेखत उभं राहून कारण सांगायचं. बसून नाही हं, उभं राहून."

लोक हसले. मी नंतर केबिनमध्ये जाऊन काकांशी भांडले. म्हटलं, असं केलंत तर खरं कोण सांगेल? ते म्हणाले, "थोडा धाक नको का? बालवाडी आहे का ही?" मी म्हटलं, जाऊ दे, एवढ्यातेवढ्यावरून पहिल्याच आठवड्यात तोंड वाजवायला नको.

पहिल्या सोमवारी निम्मा टीव्ही लाल होता. मुकादम उभा राहिला. काकांपेक्षा वयाने मोठा माणूस, शेडच्या दिवसांपासूनचा. तो पाइपांचं सांगायला लागला तोच काका म्हणाले, "काय राव, झोपला होतात का?" खोलीत खसखस पिकली. मुकादम खाली बसला तेव्हा त्याचे कान तापलेले दिसत होते. पुढच्या सोमवारी त्याची ओळ पिवळी होती. त्याच्या पुढच्या सोमवारी हिरवी. बघता बघता सगळा टीव्ही हिरवागार झाला, आणि मी, एवढी शिकलेली, नोकरीत केस पांढरे केलेली बाई, मला वाटलं की हे माझ्या पद्धतीचं यश आहे. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

आणि का वाटू नये? खाटा खरंच वेळेवर जात होत्या. बाबा वेळेवर घरी येत होते. फोन गप्प. शांतपणे जेवायचे, आईशी दोन शब्द बोलायचे, चवीची चौकशीसुद्धा करायचे. जेवणाआधी संध्याकाळी बूट घालून फिरायला जायचे. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना चालायला," म्हणायचे. परत आले की शर्ट घामाने भिजलेला. "आज जरा लांब गेलो." आईने हौसेने त्यांना चालायचे नवे बूट आणले. मी ओट्याशी उभी राहून त्या दोघांच्या चाललेल्या गप्पा ऐकायचे आणि मनात म्हणायचे, झालं, जिंकलं. आयुष्यात मी इतकी खूश कधीच नव्हते.

काका आल्यागेल्याला टीव्हीसमोर नेऊन उभं करायचे. "ही माझी पुतणी. हिने सगळं हिरवं केलं." मी लाजल्यासारखं करायचे.

मग ती मोठी ऑर्डर आली. नवा दवाखाना, सगळे मजले आमच्या खाटांचे. एवढं काम आम्ही जन्मात केलं नव्हतं. काकांनी सोमवारी सगळ्यांसमोर मला विचारलं, "बोल पोरी. झेपेल?"

मी टीव्हीकडे बघितलं. पाइप हिरवे, गाद्या हिरव्या, चाकं तर महिनोन्महिने हिरवी. म्हटलं, "झेपेल."

काका बाबांकडे वळले. "दादा, तुझं काय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघत म्हणाले, "ती म्हणतेय ना."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण कौतुक डोक्यात गेलेलं असलं की माणसाला समोरचा चेहरा दिसत नाही.

त्यानंतर बाबांचं फिरणं वाढलं. सकाळीही जायला लागले. आई म्हणाली, "चांगलंय की, अंगात ताकद आली." आणि एका दुपारी मला चाकवाल्याचा फोन आला. माझा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता, त्याची ओळ कायम हिरवी असल्यामुळे बोलायची वेळच आली नव्हती. तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमचे बाबा माझ्या जिन्यात पडलेत. पेटी उचलत होते."

दवाखान्याच्या बाकड्यावर चाकवाला माझ्या शेजारी बसला. हाताला ग्रीस तसंच होतं. मी विचारलं, बाबा तुमच्याकडे कसे काय गेले होते?

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कसे म्हणजे? ते रोज येतात."

"रोज?"

"रोज संध्याकाळी. माझ्याकडून होत नाही हो तेवढा माल. मी पहिल्यापासून सांगतोय. ते येऊन बसतात, पोरांना चहा पाजतात, स्वतः पेट्या भरतात. तरी कमी पडला की पलीकडच्या खुर्च्यांच्या कारखान्यातून त्यांच्या ओळखीवर उसने घेऊन देतात, मग मी सावकाश फेडतो. पण या ऑर्डरला कोण किती उसनं देणार?" मग तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं? म्हणायचे, पोरीची ओळ हिरवी राहिली पाहिजे."

ते बूट मला आठवले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बाबा वाचले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडक्यात निभावलं, पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. खोलीत गेले तर बाबा पडल्या पडल्या खाली वाकून खाटेची चाकं बघायच्या प्रयत्नात होते. "आपली नाहीये ही," म्हणाले. "चाक करकरतंय."

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"की माल वेळेवर येत नाही. की माझा टीव्ही खोटा आहे."

"खोटा कसा? चाकं येत होती ना वेळेवर?"

"तुम्ही आणत होता म्हणून!"

"मग मी नको आणू?" ते खरंच दुखावले होते. "तुझा काका सगळ्यांदेखत तुला उभं करणार आणि मी मूग गिळून बसणार? बाप आहे मी तुझा."

मला किंचाळावंसं वाटलं. म्हटलं, "अहो, पहिल्या महिन्यात लाल दिसलं असतं तर मी दुसरा चाकवाला शोधला असता! निम्मं काम त्याला दिलं असतं! ऑर्डरला नाही म्हटलं असतं! मी कशासाठी आले होते इथे?"

बाबा हळूच म्हणाले, "तू इतकी आनंदात होतीस गं." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन एकेकाला विचारलं. मुकादमाने मान खाली घालून रंगाच्या खोलीमागचं दार उघडलं. आत छतापर्यंत पाइप. कमी पडू नयेत म्हणून त्याने आधीच्या ऑर्डरींमधून बाजूला काढून ठेवलेले. "परत उभं राहायचं नव्हतं मला," एवढंच म्हणाला. गोडबोल्या उशीर झाला की गिऱ्हाइकाला गोड बोलून तारीख बदलून घ्यायचा आणि नवी तारीख टीव्हीवर टाकायचा, म्हणजे उशीर झालाच नाही. गादीवालीचं तर विचारूच नका. माल उचलून आणायला तिच्याकडे आमचा माणूस कायमचा बसवून ठेवला होता, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"अहो, पण का?" मी गोडबोल्याला विचारलं.

"मॅडम, तुम्ही दादांची मुलगी. तुमचं चांगलं व्हावं असं सगळ्यांनाच वाटायचं."

घ्या! म्हणजे माझ्या भल्यासाठी सगळ्यांनी मिळून माझा बळी दिला.

त्या सोमवारी मीटिंगच्या आधी मी प्रत्येकाच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. म्हटलं, एकदाच खरं भरा. माझ्या बापाचा जीव जाता जाता राहिलाय, एकदाच. आणि त्यांनी भरलं. काका आत आले तेव्हा भिंतभर लाल होतं.

"हे काय?"

"हे खरं आहे," मी म्हटलं. "काका, आज पहिल्यांदा हा टीव्ही कामाचा झालाय. कुणी उभं राहणार नाही. आपण बसून एकेक ओळ बघू. चाकांना दुसरा माणूस शोधू, दवाखान्याला सांगू की खाटा मजल्यामजल्याने देतो. ते ऐकतील, मी बोलते त्यांच्याशी."

मला एक क्षण वाटलं की होईल. मुकादमाने तर वही उघडून पेनसुद्धा काढलं होतं.

काका म्हणाले, "उद्या दवाखान्याचे लोक कारखाना बघायला येणार आहेत. त्यांना हे दाखवू?"

"दाखवा. त्यांचा विश्वासच बसेल."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" त्यांचा आवाज चढला. "वर्षभर हिरवं होतं, दादा चार दिवस झोपला आणि लाल? म्हणजे तुझ्या पद्धतीने काय केलं मग? दादाच करत होता ना सगळं?" ते सगळ्यांकडे वळले. "संध्याकाळपर्यंत हे मला हिरवं पाहिजे. कसं ते मला सांगू नका."

मी मुकादमाकडे बघितलं. त्याने पेनाचं टोपण लावलं. गोडबोल्याने डोकं खाजवलं. संध्याकाळी टीव्ही पुन्हा हिरवा होता. मी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला आणि काकांनी तो घेतलाही. म्हणाले, "तुझी पद्धत चांगली होती पोरी. आपली माणसं त्या लायकीची नाहीत." त्यांना ते मनापासून वाटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

बाबा घरी आले. आई त्यांना पेज पाजायची, मी गोळ्या द्यायचे. ते खिडकीशी बसून रस्त्याकडे बघायचे आणि बोलायचे नाहीत. त्यांना हवी तेवढी विश्रांती मिळत होती. मी ठरवलेली, अट घालून मिळवलेली. आणि माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता.

मग एका सकाळी काका आले. चपला काढता काढताच म्हणाले, "वहिनी, चहा टाका." आणि बाबांच्या समोर स्टूल ओढून बसले. "दादा, चाकवाला ऐकत नाहीये. गादीवाली म्हणते, दादा आले तरच बोलेन. सगळं घोडं अडलंय रे. तू नुसता येऊन बस. गाडी पाठवतो. उचलायचं काही नाही."

"काका, चालते व्हा," मी म्हटलं.

असं मी जन्मात कुणाला बोलले नव्हते. काका कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघायला लागले. पण माझं लक्ष बाबांकडे होतं. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं होतं. कित्येक दिवसांनी पाठ ताठ झाली होती. शाळेच्या संघात नाव आलेल्या पोरासारखा दिसत होता माझा बाप.

"माझ्याशिवाय ऐकत नाही म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"कुणाचंच ऐकत नाही."

बाबा उठले आणि शर्ट शोधायला आत गेले. मी आईला हलवलं. म्हटलं, आई, अडव ना त्यांना, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या विसरलीस का? आईने गॅस बारीक केला.

"तू त्यांना विश्रांती द्यायला आलीस," ती म्हणाली. "त्यांनी मागितली होती का कधी?"

"म्हणजे मरू द्यायचं?"

"मला काय विचारतेस? माझं कधी कुणी ऐकलंय या घरात?" आणि तिने पदराने डोळे पुसले.

ऑर्डर वेळेवर गेली. कशी ते विचारू नका, मला माहीत आहे आणि मला सांगायचं नाही. काकांनी सगळ्या कामगारांना गोळा केलं, बाबांना पुढे उभं केलं, टाळ्या झाल्या. "टीव्ही-बीव्ही काही नाही," काका म्हणाले म्हणे, "ही आपली खरी पद्धत, हा माझा दादा." बाबांनी घरी येऊन हे सगळं आईला दम लागत लागत सांगितलं. ओठ जरा निळसर वाटले मला. बोलताना मध्येच थांबत होते, पण थांबायला तयार नव्हते.

"आणि बरं का," ते म्हणाले, "त्याच दवाखान्याची दुसऱ्या गावीही इमारत होतेय. याच्या दुप्पट काम. तेही आपल्यालाच."

"कोण हो म्हणालं?" मी विचारलं.

"मी."

"बाबा!"

"अगं, सगळ्यांदेखत विचारलं त्याने. एवढ्या टाळ्या वाजवत होते लोक. नाही कसं म्हणणार?"

आई त्यांची गोळी आणायला उठली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला इतका राग आला होता की रडूही येईना.